रंगुबाईच्या हातची भाकर

"आंटी, फर्स्ट एडच्या बॉक्समध्ये ग्लव्ज आहेत ना? एक जोडी द्या ना, प्लीज."

एंजलने हे अगदी हळू विचारलं. ती गुडघ्यांवर बसली होती. पुढ्यात पितळी परात, परातीत कोमट पाणी आणि पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या. समोर प्लास्टिकच्या खुर्चीत रंगुबाई बसली होती, लुगडं घोट्याच्या वर धरून, फोटोला बसवलेल्या शाळकरी पोरीसारखी ताठ. तिच्या आधीच्या दोन म्हाताऱ्यांचे पाय एंजलने उघड्या हातांनी धुतले होते. तिसऱ्या खुर्चीपाशी आल्यावर तिला ग्लव्ज आठवले, कारण रंगुबाईच्या हातापायांवर कोड आहे.

"अगं, कोड आहे ते," मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं. "कुणाला लागत नाही. नुसता कातडीचा रंग गेलाय."

"आय नो, आंटी. फक्त सेफ्टीसाठी."

मी ग्लव्ज दिले. चारचौघांत तमाशा नको म्हणून दिले. तिने ते निळे रबरी मोजे बोटाबोटात नीट ओढून घेतले आणि मग मोठ्या नम्रतेने मान खाली घालून रंगुबाईचं पाऊल हातात धरलं. तिच्याच टीममधला हर्षल नावाचा पोरगा फोन घेऊन भोवती फिरत होता. "एंजल, फेस थोडा वर," म्हणाला. ग्लव्ज फ्रेममध्ये येऊ नयेत म्हणून त्याने कोन बदलला. मला किळस आली. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आपण धुवायचे, आणि तेही मोजे घालून! त्यापेक्षा घरी बसून सिनेमा बघावा माणसाने.

"आगं पोरी, ऱ्हाऊ दे," रंगुबाई पाय मागे घेत म्हणाली. "म्या घरून धुऊन आलीय. वजरीनं घासून आलीय, इचार बाईला."

बाई म्हणजे मी, रेबेका पारधे. नोकरीच्या सुरुवातीला खांडवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत होते, म्हणून या गावाला मी अजूनही बाईच आहे. तिसगावच्या बाजारापासून आत वळलं की खडकाळ माळ लागतो, त्या माळाच्या पलीकडे ही वाडी. दहा-बारा ख्रिस्ती घरं, बाकी मराठ्यांची आणि वंजाऱ्यांची. मी एकटी खोली घेऊन राहत होते तेव्हा रंगुबाई रोज संध्याकाळी माझ्यासाठी पदराखाली झाकून कालवण आणायची. पुढे मी नगरला गेले, संसार झाला, निवृत्त झाले. पुण्याच्या एका मोठ्या चर्चची तरुण मंडळी दरवर्षी सेवेसाठी खांडवाडीला जायला लागली आणि त्यांना गावची बोली कळणारं कुणीतरी हवं होतं. आमच्या नगरच्या पाळकांनी माझं नाव सुचवलं. रंगुबाई भेटेल म्हणून मी हो म्हटलं.

सेवा म्हणजे काय, तर पहिल्या दिवशी पोरांचे खेळ आणि गाणी, दुसऱ्या दिवशी काही वाटप आणि पायधुणी, रविवारी उपासना, की गाडी पुण्याला. सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. पाण्याच्या बाटल्यांची खोकी गाडीतून उतरली तेव्हा गावातल्या बायका टँकरची वाट बघत हंडे घेऊन ओळीने बसल्या होत्या. परातीतलं कोमट पाणीसुद्धा खांडवाडीच्या पाळकांच्या घरच्या पिंपातलंच होतं. मुक्कामाला ही मंडळी तिसगावच्या लॉजवर, कारण गावातल्या संडासात हर्षलला जमेना. ज्याचं त्याला जमत नाही, त्यात काही पाप नाही म्हणा. पण मग संध्याकाळी गोल करून बसायचं आणि "इथल्या लोकांकडे काहीच नाही, तरी किती खूश आहेत!" असं डोळे मिटून म्हणायचं, हे कशाला?

टीमचा प्रमुख ब्रदर जॉन. पस्तिशीचा, गोड बोलणारा, कुणाला दुखवायचं नाही असं ठरवूनच जन्माला आलेला. पाय धुऊन झाल्यावर त्याने माईक घेतला आणि रंगुबाईकडे हात करून तो इंग्रजीत म्हणाला की प्रभूने कुष्ठरोग्यांनासुद्धा स्पर्श केला, मग आपण का करू नये? आणि माझ्याकडे बघत थांबला. मराठीत मी सांगायचं होतं.

"काय म्हनला त्यो?" रंगुबाईने विचारलं.

"म्हणाला, देव सगळ्यांवर प्रेम करतो."

"त्ये म्हाईत हाय की," ती म्हणाली आणि पायाला चिकटलेल्या पाकळ्या एकेक करून काढू लागली.

रंगुबाईच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. नवरा बैलबाजारात हेड्याचं, म्हणजे दलालीचं काम करायचा, घोडेगावच्या बाजारात जायचा आणि यायचा, तो गेला. मुलगा कारखान्यावर, तिकडेच राहतो. दोन शेळ्या, चार कोंबड्या. पण एक काम तिचं होतं, आणि ते गावात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घ्यायचा, त्याची भाकर ती करायची. तिच्याआधी तिची सासू करायची. भाकर म्हणायचं, असते गव्हाची, बिनमिठाची. त्यासाठी गहू वेगळे काढलेले. गिरणीत सगळ्यांचं दळण एकत्र होतं म्हणून ते जात्यावरच दळायचे. आदल्या दिवशी उपास. मनात कुणाबद्दल अढी असेल तर आधी जाऊन बोलून यायचं, मगच कणकेला हात लावायचा. हा शेवटचा नियम सासूचा. त्यापायी रंगुबाई शनिवारी सकाळी भांडणं मिटवायला निघालेली मी स्वतः पाहिलीय. आणि भाकरीतलं उरलंसुरलं कधी टाकायचं नाही, पाळकांनी नाहीतर तिने खाऊन संपवायचं.

कोड उठलं तेव्हा ती चाळिशीत होती. तिने आपण होऊनच भाकर बंद केली होती. त्या वेळचे म्हातारे पाळक तिच्या दारात आले आणि म्हणाले, "डॉक्टरला विचारलंय मी. तू कर." त्या रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर तिच्याच हातातून पहिला तुकडा मागून घेतला आणि खाल्ला. संपलं. त्यानंतर गावात कुणी त्या विषयावर तोंड उघडलं नाही. मी हे पाहिलेलं नाही, पण खांडवाडीत ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

या वेळचा रविवार तिच्यासाठी मोठा होता. पावसाळ्यात ती घसरून पडली होती, मनगट मोडलं होतं. तेव्हापासून भाकर आत्ताच्या पाळकांची बायको सविता पातेल्यात कशीबशी भाजत होती. मनगट आता बरं झालं होतं, आणि रंगुबाई पहिल्यांदा परत जात्यावर बसणार होती.

"जमंल का वं बाई मला?" पायधुणीनंतर घरी येताना तिने मला विचारलं. "हात कापतो आजून. पन ह्ये एकच काम हाय देवाघरचं माझ्याकडं. ह्ये बी गेलं मंग काय ऱ्हायलं?"

"जमेल, मावशी. न जमायला काय झालं?"

जमलं. संध्याकाळी उन्हं उतरताना तिने जातं मांडलं. मी खुंट्याला हात लावला, पण तिने काढायला लावला, कारण माझा उपास नव्हता. एवढ्यात एंजल आणि हर्षल दारात आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. "ओ माय गॉड, हे किती रॉ आहे," एंजल म्हणाली आणि फोन जात्याच्या तोंडाशी नेला. पीठ पडत होतं, रंगुबाईचे पांढरे-तपकिरी हात फिरत होते. पोरगी खरंच हरखली होती, ते खोटं नव्हतं. मग तिने विचारलं, "आंटी, हे कशासाठी करतात?"

"उद्याच्या प्रभुभोजनासाठी. हीच भाकर मोडायची."

"म्हणजे सगळ्यांनी खायची? आम्ही पण?"

"हो. आपण पण."

एंजल हसली. ते हसू मी चांगलं ओळखते. शाळेत पालकांच्या घरी चहा पुढे आला की नव्या शिक्षिका तसंच हसायच्या, कप तोंडाला न लावता बाजूला ठेवण्याआधी.

रविवारी सकाळी देवळात, म्हणजे वाडीच्या चर्चमध्ये गेले तर टेबलावर रंगुबाईची भाकर मांडलेली होती. तिच्याच पांढऱ्या फडक्यावर, शेजारी द्राक्षांचा घड आणि उघडलेलं पवित्र शास्त्र. हर्षल खिडकीतून येणारं ऊन बघून ताट इकडेतिकडे सरकवत फोटो घेत होता. मला बरं वाटलं. म्हटलं, आपण उगाच वाईट घेतलं, पोरं चांगली आहेत. मी बाहेर गेले, बायकांना सलाम केला, दानाच्या तांदळाची ताटली आत नेली. परत आले तेव्हा टेबलावर भाकर नव्हती. तिथे प्लास्टिकच्या बारक्या पेल्यांची रास होती. एका पेल्यात रस, वर चकतीएवढा पापड, त्यावर कागदी सील. पुण्याहून आणलेली खोकी.

मी मागच्या दाराने पाळकांच्या पडवीत गेले. तिथे काळी कचऱ्याची पिशवी होती. पिशवीत कालचे निळे ग्लव्ज, ओले पुसायचे कागद, पाण्याच्या चेपलेल्या बाटल्या, आणि त्यांच्यावर भाकर. मोडलेलीसुद्धा नव्हती. मी हात घालून ती बाहेर काढली. एका ग्लव्हचं बोट तिला चिकटलेलं होतं.

"ब्रदर जॉन!" मी हाक मारली ती बहुतेक देवळापर्यंत ऐकू गेली असावी.

तो आला, बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. एवढं मात्र खरं, की चेहरा पडला.

"आंटी, पिशवीत नव्हती टाकायची, सॉरी. कुणीतरी चुकून... मी बोलतो त्यांच्याशी."

"आणि टेबलावरून काढली ती?"

"आंटी, वीस जणांच्या हेल्थची जबाबदारी माझ्यावर आहे. पेरेंट्सना मी उत्तर द्यायचं. काहींना अनकम्फर्टेबल वाटलं."

"मग तुम्ही तुमचे पेले घ्या. गावाला भाकर खाऊ द्या."

"ते बरं नाही दिसणार. एका टेबलावर दोन प्रकार? युनिटी राहत नाही, आंटी."

काल तिचे पाय धुतले आणि आज तिच्या हातचं चालत नाही, असं मी म्हणाले. आणखीही म्हणाले, ते इथे लिहीत नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला. पुण्याला गेल्यावर प्रार्थनेत ठेवीन म्हणाला.

शांतवन पाळक धावत आले. हा माणूस वाईट नाही. मंडळीच्या भल्यासाठी कुणाच्याही पुढे वाकेल, आणि वाकता वाकता कणाच विसरला.

"बाई, पाया पडतो, आजचा दिस जाऊ द्या," ते म्हणाले. "बोअर देनार हायत ती लोकं. उनाळ्यात बायका कुटं कुटं पान्याला जात्यात, तुमाला म्हाईत हाय. येका भाकरीपायी मोडू नका."

मी भाकर रुमालात गुंडाळून पिशवीत घातली. ती आता टेबलावर नेण्यासारखी राहिली नव्हती.

उपासनेत मी दुभाष्याचं काम केलं नाही. घसा बसलाय म्हणून सांगितलं आणि मागे उभी राहिले. रंगुबाई पहिल्या बाकावर होती, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. पेले वाटत आले तशी ती टेबलाकडे, मग पाळकांकडे बघू लागली.

"माजी भाकर कुटं हाय?" तिने विचारलं. सगळ्यांना ऐकू गेलं.

"या बारीला पाव्हन्यांनी आनलंय, रंगुबाई," पाळक म्हणाले. "त्येंची सेवा हाय."

"व्हय का? बरं. पाव्हनं हायत. येक डाव त्येंचं," म्हणाली आणि तिने पेला घेतला. सील तिला उघडेना. एंजलने लगबगीने येऊन ते काढून दिलं. या वेळी उघड्या हातांनी, कारण सील काढायला रंगुबाईच्या बोटांना हात लावावा लागत नव्हता.

मी गाडीत बसताना रंगुबाई मला पोचवायला आली. "नीट भाजली हुती ना वं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "झकास भाजली होती, मावशी." रुमालातली भाकर माझ्या पिशवीत होती. ती मी पुढे नगरला घराच्या मागे, जास्वंदीखाली पुरली. गाडीत पोरं गाणी म्हणत होती. एंजलचा व्हिडिओ तेवढ्यात तयार झाला होता, जातं, पीठ, हात, भाकर, उन्हाचा कवडसा. सगळ्यांनी वा वा केलं. मी खिडकीकडे तोंड करून बसले. पुन्हा या लोकांबरोबर जायचं नाही एवढं ठरवलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी एकटीच एसटीने तिसगावला उतरले आणि तिथून जीपने खांडवाडीला गेले. एक डाव त्यांचं झालं होतं. आता आपलं होणार, ते मला बघायचं होतं. रंगुबाईच्या हातचा तुकडा खायचा होता, एवढंच.

देवळात गेले. टेबलावर पेले होते.

"खोकी उरल्यात, बाई," शांतवन पाळक माझ्याकडे न बघता म्हणाले. "तारीख संपाया आलीय. वाया कशाला घालवायची?"

"आणि संपल्यावर?"

ते ताटातले पेले सारखे करू लागले. सविता बोलली. "खरं सांगू का बाई? त्यो व्हिडिओ आमच्या पोरींनी बगितला मोबाईलवर. त्येच्याखाली लोकांनी काय काय लिवलं हुतं. हात बगा म्हनं. कसं खात्यात म्हनं. तवापून पोरी म्हनत्यात, आमी न्हाई खायची. मला बी आता..." तिने पदर सावरला. "आदी कदी वाटलं न्हवतं वं. आता वाटतंया. काय करू?"

हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. पुण्याच्या पोरांची किळस मला समजत होती, ती त्यांच्या गाडीतून आली होती आणि गाडीतून जायला हवी होती. ती इथे राहिली. बोअरचं अजून काही कळलेलं नाही, पण ही एक गोष्ट ते न चुकता देऊन गेले. माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते देवळात उभं राहून येऊ नये असं होतं.

रंगुबाई आपल्या बाकावर होती. मांडीवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली भाकर. तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं कुणाला धाडस झालं नव्हतं. टेबल बघून तिला कळलं. पेल्यांचं ताट तिच्यापुढे आलं तेव्हा तिने ते हाताने अलगद पुढच्या बाईकडे सरकवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने प्रभुभोजन घेतलं नाही. सगळे खाली बघत होते.

उपासना झाल्यावर मी तिच्या घरी गेले. अंगणात बाज टाकून तिने मला बसवलं आणि चुलीवर चहा ठेवला.

"मावशी, पेला का नाही घेतला?"

"राग हुता मनात," ती म्हणाली. "सकाळच्याला न्हवता. टेबल बगितलं आन आला. राग घिऊन कसं घ्यायचं? सासू काय म्हनली आसती?"

चहा झाल्यावर तिने फडकं उघडलं. भाकर गोल, कडेला किंचित खरपूस, मधे सुरीने आखलेला क्रूस. तिने एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

"प्रार्थना न्हाई झाली हिच्यावर. तवा हिचं कायबी केलं तरी चालतंय. खा चहासंगं."

मी चहात बुडवून तो तुकडा खाल्ला. अळणी, कोरडा, चांगला भाजलेला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. उरलेली भाकर तिने हळूहळू चुरून अंगणात टाकली. कोंबड्या धावत आल्या. सगळी चुरून झाल्यावर तिने फडकं झटकलं, घडी घातली आणि दोन्ही हात त्या फडक्याखाली घेतले.

"बाई, खरं सांगा," ती म्हणाली. "माज्या हातचं खाताना तुमाला कसंतरी न्हाई ना वाटलं?"

मी आणखी एक तुकडा मागायला हात पुढे केला. पण भाकर संपली होती. कोंबड्या शेवटचा चुरा टिपत होत्या.